खरंच, गाण्यासाठीच!

"शनिवार-रविवार सिल्वासाला चाललोय" असं डोंबिवलीत कुणालाही सांगा, समोरचा आधी एक डोळा मिटतो आणि मग विचारतो, "किती जण?"

मी म्हणालो, "आई, बायको आणि दोन्ही मुलं."

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मिटलेला डोळा मिटलेलाच राहिला, उघडा होता तो मात्र मोठा झाला. "आईंनाही?"

"अहो, गाण्याचा कार्यक्रम आहे. दोन संध्याकाळ."

"हो हो, गाणंच." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येताना आमच्यासाठी एक पेटी आणा."

"आणतो कशाला, इथूनच घेऊन चाललोय," मी म्हणालो. खरंच डिकीत आईची पेटी ठेवायची होती, भाता, सूर, पट्ट्यांसकट. पंढरपूरला जाताना घरून विठोबा बांधून नेणाऱ्याकडे पाहावं तसं सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं.

यात त्यांचा दोष नाही. गुजरातेत दारूबंदी, आणि तिला खेटून असलेल्या दादरा-नगर हवेलीत नाही. त्यामुळे वापीपासून वसईपर्यंतच्या समस्त पुरुषवर्गात त्या गावाची एक ख्याती आहे, आणि ती संगीताशी निगडित नाही. काही पेल्यांनंतर गाणं होतं म्हणतात, पण ते वेगळं.

आमचं निमंत्रण माझ्या साडूकडून आलं होतं. तो वीस वर्षांपासून आमलीत राहतो आणि तिथल्या एका धाग्याच्या कारखान्यात आहे. आमली हा सिल्वासाचाच भाग. गुजरातीत आमली म्हणजे चिंच. ज्या गवय्यांनी जन्मभर चिंच, लोणचं आणि ताक यांच्याकडे पाठ फिरवली, त्यांना चिंच नावाच्या वस्तीत गायला बोलवायचं हे माझ्या साडूलाच सुचू शकतं. आईने तर निघण्याआधी आठ दिवस आमटीतला कोकमही बंद केला होता. ती आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. साडूने फोनवर "मावशी, तुम्हालाही दहा मिनिटं देतो" असं म्हटल्यापासून घरात रोज पहाटे दहा मिनिटं मोजून रियाज चालू होता. साडूने ते वाक्य ज्या सैलपणाने उच्चारलं असेल त्याची मला कल्पना होती. आईला नव्हती.

कार्यक्रमाला नाव नव्हतं. समितीत नावावरून वाद झाला. एका गटाला 'सूर' हवे होते, दुसऱ्याला 'स्वर'. शेवटी बॅनरवर नुसतंच 'उन्हाळी गाणी, सर्वांचे स्वागत' असं छापलं आणि उरलेल्या जागेत प्रायोजकांचे फोटो बसवले. समिती म्हणजे बावीस कुटुंबं. निम्मी मराठी, बाकीची गुजराती, ओडिया, मल्याळी, बिहारी. सगळी कारखान्यांमागून आलेली.

घोडबंदर रस्त्याने आमचे दोन तास खाल्ले. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांना तो माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना नाही त्यांचं सुख का हिरावा. मनोरच्या पुढे मात्र रस्ता मोकळा झाला, चारोटीच्या आसपास ताडगोळेवाले दिसू लागले आणि गाडीत शांतता पसरली. तोंडात ताडगोळा असताना कुणी भांडू शकत नाही. भिलाडला हायवे सोडून नरोलीकडे वळलो, तेव्हा आठवीतल्या थोरल्याने फोनमधून मान वर काढून विचारलं, "बाबा, इथे बघण्यासारखं काय आहे?"

हाच प्रश्न मला हवा होता. महिनाभर मी तयारी केली होती.

"हे नरोली," मी म्हणालो. "२८ जुलै १९५४ ला पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्याआधी २२ जुलैला दादरा. आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आणि कुणी सोडवलं माहितीये? इतर मंडळी होती, पण त्यात एक संगीतकार होता."

"संगीतकार?"

"सुधीर फडके. बाबूजी."

मागच्या सीटवर आईने पदर सावरला. आमच्या घरात बाबूजींचं नाव निघालं की ती पदर सावरते.

मग मी सगळंच सांगितलं. लढायला पैसे हवेत, पैसे कुणाकडे नाहीत, म्हणून १९५४ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम केला. तिकिटांच्या पैशांतून मोहिमेची तजवीज झाली. मग भर पावसात पुण्याहून निघालेली माणसं इथे धडकली. त्यांत राजाभाऊ वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते आणि गळा सांभाळायचा सोडून भिजत उभे असलेले बाबूजी होते. जगात अनेक गावं तोफांनी घेतली गेली असतील, काही कपटाने, काही हुंड्यात. तिकीट लावून केलेल्या गाण्याच्या कमाईतून सुटलेलं गाव मला तरी दुसरं ठाऊक नाही.

"आणि त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी," मी आवाज चढवला, "१ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं! म्हणजे बघ, वाल्मीकींनी युद्ध शेवटी ठेवलं. बाबूजींनी युद्ध आधी उरकलं आणि मग रामायण केलं."

"मी सात वर्षांची होते," आई म्हणाली. "शेजारच्यांच्या खिडकीखाली उभं राहून ऐकायचो. छप्पन्न गाणी. मी त्यातलंच म्हणणार आहे. त्यांनी सोडवलेल्या गावात त्यांचंच गाणं."

यावर गाडीत सगळेच जरा गंभीर झालो. धाकटीने विचारलं, "पण पोर्तुगीज इथे आलेच कसे?" तेही मला येत होतं. मराठी आरमाराने त्यांचं 'सांताना' नावाचं एक जहाज पकडलं होतं, त्याची भरपाई म्हणून १७८३ मध्ये नगर हवेलीच्या गावांचा वसूल त्यांना तोडून दिला.

"एका जहाजाच्या बदल्यात एवढी गावं?" बायको म्हणाली. "आपल्या बंपरचा क्लेम अडीच वर्षं लटकलाय. तेव्हाचे लोक बरे होते."

आमली आली. साडूने आम्हाला आमरस-पुरीवर बसवलं आणि नेहमीचा वाद उकरून काढला, की वलसाडी हापूस हा रत्नागिरीच्या तोडीचा आहे. मी कोकणातला. मी चार वाट्या खाल्ल्या आणि मत राखून ठेवलं.

संध्याकाळी सहाला कार्यक्रम होता, म्हणजे सव्वासातला. वसाहतीच्या मैदानात मांडव, दोनशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि पहिल्या रांगेत सहा सोफे. या सोफ्यांचं शास्त्र मला अजून कळलेलं नाही. ज्यांच्यासाठी ते मांडतात ती माणसं एकतर येत नाहीत, किंवा येऊन सत्कार घेऊन जातात. मग दोन तास सगळे गवई सहा रिकाम्या सोफ्यांना उद्देशून गातात. शेवटी त्यांच्यावर लहान मुलं उड्या मारतात आणि ती मुलं हाच खरा पहिल्या रांगेतला श्रोतृवर्ग.

"हॅलो, चेक, चेक" हा पहिला कलाविष्कार वीस मिनिटं चालला. लहान गावातल्या प्रत्येक संमेलनात हाच एक कलाकार असा असतो की ज्याला कुणी वेळेची चिठ्ठी देत नाही. त्यानंतर निवेदक. हे सद्गृहस्थ कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहेत. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून त्यांचा जो संयम साठतो, तो ते माइकवर मोकळा करतात. एका भावगीताच्या आधी त्यांनी पाऊस, प्राजक्त, आई, प्रतीक्षा आणि पुन्हा पाऊस अशी वळणं घेतली. बाहेर अडतीस अंश होतं. गाणं साडेतीन मिनिटांचं निघालं.

मे महिना, म्हणजे लग्नसराई. मैदानाच्या पलीकडच्या हॉलमध्ये वरात होती आणि तिचा डीजे आमच्या तबलजींपेक्षा निश्चितच भारी होता. तबलजी हातोडी घेऊन बराच वेळ झटले. शेवटी त्यांनी हार मानली आणि तबला सरळ डीजेच्या सुरात मिळवून टाकला. त्यानंतर कार्यक्रम एकदम जमला. गायिकेने घेतलेल्या एका समेवर पलीकडे फटाके फुटले, आणि आमच्या मांडवात उत्स्फूर्त टाळ्या पडल्या. बाईंना वाटलं आपल्यालाच. असू दे.

ओडिया तरुणांच्या एका चमूने मृदंग आणि झांजा घेऊन कीर्तन केलं. शब्द कळले नाहीत, पण शेवटी आमचे पाय हलत होते. केरळच्या दोन परिचारिका ड्यूटी संपवून गणवेशातच आल्या, एक गाणं म्हणून पुढच्या ड्यूटीला गेल्या. बिहारच्या एका पोऱ्याने कॅराओकेवर किशोरकुमार लावला. मशीनने मधेच नेट सोडलं, पण तो थांबला नाही, पुढचा अख्खा अंतरा त्याने नुसत्या चुटकीवर काढला. आम्ही सगळ्यांनी कोरस धरला. मीही. माझ्या गाण्याबद्दल घरात एक करार आहे, पण तो महाराष्ट्राच्या हद्दीपुरता.

आईचा नंबर शनिवारी नववा होता. आठव्यानंतर सत्कार निघाले. समितीने समितीचा सत्कार केला. बावीस कुटुंबं, बावीस शाली. "मावशी, तुम्ही उद्या. उद्या तुमच्यानेच सुरुवात," साडू म्हणाला. आईने हातातला रुमाल घडी करून परत पिशवीत ठेवला.

रविवारी सकाळी फाफडा-जिलबी झाल्यावर साडू आम्हाला दादऱ्याच्या वनगंगा बागेत घेऊन गेला. या प्रवासात आम्ही नगर हवेलीतून निघालो, गुजरातेत शिरलो आणि पुन्हा गुजरातेतून निघून दादऱ्यात शिरलो, आणि अजून धाकटीचं चॉकलेटही संपलं नव्हतं. दादरा वेगळा, नगर हवेली वेगळी, मधे गुजरातची पट्टी. नगर हवेलीच्या पोटात पुन्हा मघवाल नावाचं गाव आहे, ते गुजरातचं. याच पट्टीवरून पोर्तुगाल थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता, की आम्हाला दमणहून आमच्याच मुलखात जाऊ देत नाहीत. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. थोडक्यात असा, की खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि साधा माल नेण्याचा तुमचा हक्क होता. सैन्य, हत्यारबंद पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता, आणि भारताने काही चूक केलेली नाही. हे मी बागेतल्या होडीत सांगत होतो. थोरला वल्हं मारत होता, त्याला पळायला जागा नव्हती.

"म्हणजे १९५४ ते ६१ हे कुणाचं होतं?" त्याने विचारलं. मला भरून आलं. पोराने पहिल्यांदा उलट प्रश्न विचारला होता.

"कुणाचंच नाही. लोकांची वरिष्ठ पंचायत कारभार बघायची. आणि १९६१ मध्ये भारतात विलीन व्हायची वेळ आली, तेव्हा करारावर सही करायला पंतप्रधानाच्या तोडीचा माणूस हवा. एका बाजूला नेहरू, दुसऱ्या बाजूला कोण? म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसासाठी इथला पंतप्रधान केलं."

"एकच दिवस?"

"एकच."

"मी मॉनिटर तीन दिवस होतो," तो म्हणाला.

रविवार संध्याकाळची सुरुवात आईने होणार होती. पण तारपावाले काका खानवेलच्या बाजूच्या पाड्यावरून आधीच येऊन बसले होते, त्यांना लवकर परतायचं होतं, म्हणून ते आधी. यावर कुणी तक्रार करणं शक्य नव्हतं. आईनेही केली नाही.

ते मंचावर चढलेच नाहीत. फडक्यातून वाद्य बाहेर काढलं. वाळवलेला भोपळा, त्यातून निघालेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचं गुंडाळत नेलेलं लांब तोंड, सगळं मिळून माणसाच्या कमरेइतकं. साऊंडवाला स्टँड घेऊन धावला, तारप्याच्या तोंडाशी माइक लावला आणि मागे सरला. काकांनी गाल फुगवले, पहिला घुमारा काढला आणि चालायला लागले. माइक तिथेच राहिला. साऊंडवाल्याने स्टँड उचलून त्यांचा पाठलाग केला. काका वळले. तोही वळला. तीन फेऱ्यांनंतर लोकांना वाटलं हा नाचाचाच भाग आहे.

त्यांच्याबरोबर आलेल्या बाया-माणसांनी एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी धरली. तारपावाला जिकडे फिरेल तिकडे साखळी फिरते, त्याच्याकडे पाठ करायची नाही, आणि त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. भिंतीवरच्या वारली चित्रात जो गोल-गोल नागमोडी घोळका आपण दिवाणखान्यात टांगतो, तो हाच. चित्रात तो फार सोपा दिसतो. माझी बायको साखळीत शिरली, साडूच्या बायकोने मुलांना ओढलं, परिचारिका आल्या, निवेदकसुद्धा माइक ठेवून आले. सूर एकदाही तुटला नाही. धाकटी बघत होती. तारपा थांबल्यावर तिने जाऊन विचारलं, "काका, तुम्ही श्वास कधी घेता?"

"घेतो की," ते म्हणाले. "वाजवता वाजवताच."

साडूने त्यांना दर उन्हाळ्यात यायचं आमंत्रण दिलं. ते हसले. आमची खरी वेळ भातकापणी झाल्यावरची, तेव्हा या, रात्रभर चालतं, म्हणाले. मग वाद्य फडक्यात गुंडाळून मोटारसायकलवर मागे बसून गेले.

त्यानंतर आईचा नंबर लागायला हरकत नव्हती. पण सिल्वासातल्या कार्यक्रमांना एक नियम आहे, जो साडूने मला नंतर सांगितला: सुरुवात कशानेही करा, शेवट गरब्यात होतो. तारप्याने पायांना गोलात फिरायची सवय लावून दिलीच होती. गुजराती शेजारणींनी टाळी धरली, ढोल कुठून तरी उगवला, आणि पाऊण तास मैदान कुणाच्याच हातात राहिलं नाही. मी आईकडे पाहत होतो. ती घड्याळाकडे.

नऊ छप्पन्नला साडूने घामाघूम होऊन तिला मंचावर नेलं. पेटी आली. माइक खाली घेतला, मग वर घेतला. आईने भाता उघडला, सा धरला आणि म्हणाली, "हे गाणं म्हणण्याआधी दोन शब्द." पिढीच तशी. दुसरा शब्द पुरता व्हायच्या आत दहा वाजले आणि साऊंडवाल्याने बटण बंद केलं. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नाही, कायदाच आहे. आणि समितीत एक वकील आहेत.

"मावशी, तशाच म्हणा," साडू म्हणाला. पण तोवर मांडववाल्याच्या पोरांनी खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली होती. प्लॅस्टिकच्या दोनशे खुर्च्या एकात एक जाताना होणाऱ्या आवाजाला कोणत्याही घराण्यात उत्तर नाही. आईने भाता मिटला, पट्टा लावला. "छान झाला हो कार्यक्रम," ती साडूला म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली, हे जास्त वाईट.

सोमवारी मला ऑफिस होतं, म्हणून पहाटे पाचला निघालो. नरोली ओलांडून गुजरातेत शिरताना नाक्यावर गाडी थांबवली. हवालदाराने विजेरी आत मारली, पाच चेहरे पाहिले आणि विचारलं, "डिकीमां शुं छे?"

झोपेत होतो. खरं तेच बोललो. "पेटी."

विजेरी थबकली. "केटली?"

"एकच."

त्याने दुसऱ्या हवालदाराला हाक मारली. दुसऱ्याने तिसऱ्याला. वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या सरळपणे कुणी कबुली दिली नसावी. मी उतरलो आणि घाईघाईने "ती पेटी नाही, ही पेटी" असं समजावू लागलो. थोरला मागून कुजबुजला, "बाबा, त्यांना हेगचं सांगा. खाजगी माणसं आणि साधा माल." डिकी उघडली. मागच्या चादरीखालून लाकडी खोकं निघालं, त्याला कुलूप. चावी आईच्या पिशवीत, पिशवी सीटखाली. हे सगळं होईपर्यंत मागे दोन गाड्या आणि एक ट्रक लागला.

झाकण उघडलं. हवालदाराने विजेरी पट्ट्यांवरून फिरवली, एक पट्टी दाबून पाहिली. आवाज आला नाही. त्याची शंका परत आली.

"भाता मारल्याशिवाय कशी वाजेल?" आई खाली उतरली होती. "खुर्ची आहे का?"

खुर्ची आली. प्लॅस्टिकचीच. पेटी टेबलावर नोंदवहीशेजारी ठेवली. आईने सा धरला, मग थांबली.

"आई, म्हणा पटकन," बायको गाडीतून म्हणाली.

"मी बसवलेलं गाणं संध्याकाळचं आहे. साडेपाचला ते कसं म्हणू?" पूर्वेला उजाडत होतं. तिने क्षणभर विचार केला आणि तिच्या आईने शिकवलेली एक भूपाळी धरली. दोन शब्द आधी बोलली नाही. माइक नव्हता, निवेदक नव्हते, आवाज मधेच एकदा चिरकला, तिने खाकरून पुन्हा घेतला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तसा हवालदाराने न वळताच तळहात वर केला. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून दाराला टेकून उभा राहिला. माझ्या मते ती दहा मिनिटांपेक्षा जास्त गायली.

संपल्यावर हवालदाराने स्वतः झाकण लावलं. रात्रपाळीवरचा माणूस, भूपाळी ऐकून त्याला प्रचंड मोठी जांभई आली. त्याने ती हाताआड लपवली आणि लाजून म्हणाला, "बा, बहु सरस."

गाडी हायवेला लागेपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो ट्रकवाला शेवटपर्यंत थांबला होता, पाहिलंस?"

"अगं आई, त्याच्यापुढे आपलीच गाडी आडवी होती."

"तरी पण," आई म्हणाली, आणि पिशवीतून खारातली मिरची काढून इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंडात टाकली.